शास्त्रीय संगीतासाठी हेडफोन सेनहायझर एचडी ८०० एस घ्यावा की ऑडेझी एलसीडी-एक्स? घर घोडबंदर रोडला आहे.

शास्त्रीयच ऐकायचं असेल तर एचडी ८०० एस. तानपुऱ्याची जवारी, गायकाचा श्वास, तबल्याची जागा, सगळं सुटं सुटं आणि मोकळ्या बैठकीत बसल्यासारखं ऐकू येतं. डग्ग्याची घुमक आणि पखवाजाची थाप मात्र एलसीडी-एक्सवर जास्त भरदार लागते, हे मान्यच करायला हवं.

आरामात तुलनाच नाही. ८०० एस सुमारे ३३० ग्रॅमचा, एलसीडी-एक्स ६०० च्या वर; मोठा ख्याल संपेपर्यंत मान भरून येते. शिवाय ठाण्याच्या मे महिन्यात लेदरच्या गाद्यांखाली कान घामाने भिजतात. ८०० एसच्या गाद्या कापडी आहेत. बांधणीत धातूचा एलसीडी-एक्स दणकट वाटतो.

८०० एस ३०० ओहमचा आहे, म्हणजे त्याचा विद्युत विरोध जास्त आहे, त्यामुळे चांगल्या अ‍ॅम्पचे (अ‍ॅम्प्लिफायरचे) पैसे बाजूला ठेवाच.

आणि खिडकी रस्त्याकडे असेल तर थांबा! दोन्ही ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे आहेत. बाहेरचा ट्रॅफिक सरळ आत येतो, तुमचा यमन खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जातो. अशा घरात क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेला एलसीडी-एक्ससी बघा, तो आणखी जड असला तरी.