कार्डाचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: नमस्कार सर. वय ३४, नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी, हातात ४२ हजार येतात. गाडीचा हप्ता ३,२०० आहे. बायको घरी शिकवण्या घेते, तिचे आठ-दहा हजार. २०२१ मध्ये नोकरी गेली तेव्हा क्रेडिट कार्डाचे ६४ हजार थकले होते, २०२२ मध्ये २६ हजारांत सेटलमेंट केली. आता सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) ५९८ आहे. दोन वर्षांत बेस्याला ४५ लाखांपर्यंतचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे, म्हणून स्कोअर सुधारायला दोन महिन्यांपासून कार्ड शोधून राहिलो. तीन ठिकाणी रिजेक्ट झालं. एफडीवर मिळते ते कार्ड घेऊ, की एका ॲपवर लाइफटाइम फ्री आहे ते? रिवॉर्ड पॉइंट कशात जास्त? सहा महिन्यांत ७८० होईल ना?
ता. क. एफडी करायला बर्डीवरच्या शाखेत गेलो होतो. तिथल्या मॅडमनी एफडीपेक्षा चांगला गॅरंटीड प्लॅन करून दिला, वर्षाला ६० हजार, शेवटी १० लाख पक्के. त्यावरच कार्डही होऊन जाईल म्हणाल्या. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, ५ तारखेला मेलवर आला, तो जोडला आहे.

उत्तर: तुमचा खरा प्रश्न ताज्या कलमात आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. आज २० तारीख. इथे टाकण्याआधी हे उत्तर तुम्हाला मेल केलंय, कारण तुमच्याकडे दोनच आठवडे उरलेत.

बाँड वाचला. प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं, विमा रक्कम ६ लाख. म्हणजे हा आयुर्विमा आहे, एफडीचा भाऊबंदही नाही. बँकेच्या काउंटरवर मिळाला म्हणून तो बँकेचा होत नाही. बँक तिथे फक्त विमा कंपनीची एजंट असते आणि पहिल्या हप्त्यावर तिला घसघशीत कमिशन असतं. कार्डासाठी तारण म्हणून लागते ती मुदत ठेव. विम्याच्या बाँडवर तसं कार्ड निघत नाही. म्हणजे ज्या कामासाठी घरून निघालात ते झालंच नाही, वर दहा वर्षांचं ओझं घेऊन आलात.

आता हिशेब. सहा लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षी दहा लाख घ्यायचे. ऐकायला झकास वाटतं, पण वर्षाला पडतात जेमतेम पाच टक्के. हेच ६० हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून पुढची पाच वर्षं नुसतं खातं चालू ठेवलं, तर आजच्या ७.१ टक्के दराने साडेबारा लाखांच्या आसपास होतात. अडीच लाखांचा फरक. पीपीएफ गळ्यात मारायला कुणी मॅडम खुर्ची पुढे करत नाहीत, कारण त्यात कुणालाच कमिशन नाही. बरं, विमा म्हणून तरी बघावं, तर सहा लाख म्हणजे तुमचा चौदा महिन्यांचा पगार. तुमच्या वयाला ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स (नुसता मृत्यूविमा, शेवटी परतावा नाही) वर्षाला दहा-बारा हजारांत बसतो.

हेही एक वेळ चाललं असतं. पण बाँडसोबत प्रपोजल फॉर्मची प्रत आहे, तिचं तिसरं पान तुम्ही वाचलंत का? वार्षिक उत्पन्न: ९ लाख. तुमचं आहे पाच. हप्ता मंजूर व्हावा म्हणून कुणीतरी तो आकडा भरला आणि खाली सही तुमची आहे. उद्या पहिल्या तीन वर्षांत घरच्यांवर दावा करायची वेळ आली, तर कंपनी बरोबर हेच पान काढून बसेल. ‘व्हेरिफिकेशन कॉल आला की सगळ्याला हो म्हणा’ असंही तुम्हाला सांगितलं असणार. ते नेहमीच सांगतात.

तर आता करायचं काय? पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती कारण न सांगताही परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. भरलेल्या पैशांतून तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, स्टँप ड्यूटी आणि झाली असेल तर वैद्यकीय तपासणी एवढंच कापतात. तपासणी झालीच नसेल तर ही कपात शेकड्यांत असते, हजारांत नाही. म्हणजे साठातले एकोणसाठ हजार तरी परत यायला हवेत. मुदत पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला संपते असं धरून चला आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

अर्ज शाखेतल्या मॅडमकडे द्यायचा नाही. विमा कंपनीच्या बाँडवर छापलेल्या ईमेलवर पाठवा, शिवाय कंपनीच्या नागपुरातल्या शाखेत कागदी अर्ज देऊन तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. मॅडमना कळलं की फोन सुरू होतील. साहेबांशी बोलते, नुकसान होईल, एक वर्ष थांबा, प्लॅन बदलून देते. महिनाअखेर आणि टार्गेट या दोन शब्दांत या सगळ्या फोनांचा अर्थ आहे. तुम्ही ‘बघतो’ म्हणून थांबलात की तीस दिवस जातात, आणि नंतर सोडलीत तर पहिल्या हप्त्याचा मोठा वाटा बुडतो. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन आहे. आणि एक, पुढच्या वर्षीचा हप्ता खात्यातून आपोआप कापायचं मँडेट तुम्ही दिलं असणारच. ते बँकेत जाऊन वेगळं रद्द करा. पॉलिसी गेली की मँडेट आपसूक जातं असं समजू नका.

आता हे ६० हजार परत आले असं समजू.

तुमचा स्कोअर ५९८ आहे तो कार्ड नाही म्हणून नव्हे. सिबिलच्या रिपोर्टमध्ये त्या जुन्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलेलं आहे. ६४ मधले २६ दिले, ३८ हजार बँकेने सोडून दिले. वसुलीवाल्याने त्या वेळी ‘मॅटर क्लोज’ म्हटलं असेल, पण रिपोर्टच्या भाषेत सेटल्ड (थोडं घेऊन सोडलं) आणि क्लोज्ड (पूर्ण फेडलं) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरकर्ज देणारा अधिकारी नुसता स्कोअर बघत नाही, खाली स्क्रोल करतो. तिथे सेटल्ड दिसलं की नवं कार्ड कितीही चकचकीत वापरलेलं असो, पहिला प्रश्न त्यावरच येतो.

म्हणून जुन्या कार्डाच्या बँकेला लिहा: उरलेली रक्कम भरायची आहे, भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवाल का? ते लेखी हो म्हणाले तरच पैसे भरा, तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. व्याज-दंड लावून आकडा फुगवतील, तेव्हा मूळ सोडलेली रक्कम आणि बाकीचं वेगळं मागा आणि घासाघीस करा. थकबाकी दुसऱ्या कंपनीला विकली गेली असेल तर आधी ते विचारा, नाहीतर पैसे भलत्याच दारात जातील. भरल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र घ्या. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला सिबिलसारख्या ब्युरोला माहिती द्यावी लागते, तेव्हा बदल दिसायला फार वेळ लागू नये. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. बदल दिसला नाही तर ब्युरोकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

हे ३८ हजार तुम्ही कायद्याने देणं लागत नाही. घर घ्यायचं नसतं तर मी ते सुचवलंही नसतं.

३८ तिकडे गेले, उरले बावीसच्या आत. त्यातल्या २० हजारांची एफडी आणि तिच्यावर कार्ड. हे झालं तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. ज्या बँकेत पगार येतो तिथेच विचारा, वार्षिक फी नसलेलं मागा आणि एफडीची पावती स्वतः वाचून या. लिमिट ठेवीच्या थोडं खालीच मिळेल. ठेवीवर व्याज चालू राहतं, फक्त कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. या कार्डाला स्कोअर फारसा आड येत नाही, कारण पैसे बँकेच्याच ताब्यात असतात. पण कार्डाचं बिल चुकलं तर नोंद व्हायची ती होतेच. ‘एफडी आहे की’ म्हणून निवांत राहू नका.

ॲपचं कार्ड सोडा. तीन नकार म्हणजे तीन चौकशा तुमच्या रिपोर्टवर चढल्यात. चौथी कशाला? ‘इन्स्टंट ॲप्रूव्हल’ हे जाहिरातीत असतं, ५९८ ला नाही.

कार्डावर महिन्याला पेट्रोल आणि किराणा, तीन-चार हजार. त्यापेक्षा जास्त नको. ऑटो-पे ‘टोटल ड्यू’ला लावा, ‘मिनिमम ड्यू’ला नाही. वीस हजार थकले तर साडेतीन टक्के महिन्याने ७०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ८२६. मिनिमम म्हणून तुम्ही हजार भरता आणि मुद्दल कमी होतं पावणेदोनशेने. २०२१ ला तुमचे ६४ हजार असेच झाले असणार. रिवॉर्ड पॉइंटचं म्हणाल तर तीन-चार हजारांच्या खर्चावर महिन्याला दहा-वीस रुपये सुटतात. तर्री पोह्याची एक प्लेट.

सहा महिन्यांत ७८०? नाही होणार. वर्षभर एकही तारीख चुकली नाही आणि ते ‘सेटल्ड’ निघालं तर सातशेच्या घरात जायची आशा धरा. ‘८ हजारांत सिबिल क्लीन’वाले भेटतील, तेही ‘सहा महिन्यांत ७८०’ म्हणतील आणि पैसे घेऊन गायब होतील.

फ्लॅटबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. ४५ लाखांच्या फ्लॅटला बँक ८० टक्के, म्हणजे ३६ लाख धरते. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३१ हजार. तुमचा पगार ४२. स्कोअर ८५० असला तरी हे कर्ज बसत नाही, कारण गाडीच्या हप्त्यासकट सगळे हप्ते पगाराच्या निम्म्यात राहावेत असं बँक बघते. आज तुमच्या नावावर साधारण २० लाख निघतील. वहिनींचे आठ-दहा हजार हिशेबात धरायचे तर ते आधी कागदावर यायला हवेत: फी रोख न घेता त्यांच्या खात्यात, आणि यंदापासून त्यांच्या नावाने रिटर्न, कर शून्य असला तरी. दोन वर्षांची रिटर्न्स हातात असली तर त्यांना सहकर्जदार म्हणून घेताना बँकेशी बोलता येतं.

त्या पॉलिसीच्या हप्त्यासाठी महिन्याला पाच हजार बाजूला काढायची तयारी तुम्ही केलीच होती. तेवढ्याची आरडी (दरमहा भरायची ठेव) सुरू करा, कारण खात्यात अडीअडचणीला काहीच उरणार नाहीये. टर्म इन्शुरन्स घ्या. पॉलिसीचे पैसे परत येईपर्यंत कुठल्याही कार्डासाठी अर्ज नको. पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा.