फ्रिजवर ‘१० वर्षं वॉरंटी’ लिहिलंय, मग चौथ्या वर्षी दुरुस्तीचे पैसे का मागतात?

कारण ती १० वर्षं बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असतात. पूर्ण फ्रिजची वॉरंटी सहसा एकच वर्ष असते. दारावरच्या स्टिकरवर ‘१०’ मोठ्ठा आणि ‘कॉम्प्रेसर’ बारीक, तिथेच माणूस फसतो. आमच्याकडे हेच झालं. कॉम्प्रेसर फुकट बदलून मिळाला, पण गॅस भरणं, मजुरी आणि व्हिजिट चार्ज आमच्या माथी. वॉरंटी कार्ड उलटून वाचलं तेव्हा मागे ते सगळं लिहिलेलं होतं. त्यामुळे आधी कार्डाची मागची बाजू वाचा, आणि कुठला पार्ट गेलाय ते मेकॅनिककडून जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कामाला येत नाही.

पार्ट वॉरंटीत बसत असूनही टाळाटाळ होत असेल, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावायची सक्ती नाही.

आणि हो, बिलाचा आजच फोटो काढून ठेवा. दुकानातली ती गुळगुळीत कागदाची बिलं वर्षभरात पांढरीफटक पडतात.