कुलूप लागलेली घरं

नाशिक,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय मुली,

तुझं पत्र भाऊबिजेच्या दिवशी मिळालं. घरात पाहुणे होते, म्हणून उत्तर लगेच लिहिलं नाही. पण पत्र दोनदा वाचलं आणि त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना. ‘ताई, शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांचे अहवाल लिहून पेठ-सुरगाण्यातल्या कोणाची चूल पेटणार आहे?’

ही अहवाल लिहायची नोकरी घे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

या जागतिक उद्दिष्टांना नुसता कागद म्हणणारे आपल्या क्षेत्रात खूप भेटतील. मला ते पटत नाही. १९९० मध्ये जगातल्या दर तीन माणसांत एकाहून जास्त माणूस अत्यंत गरिबीत जगत होता. आज ते प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी आठ उद्दिष्टं ठरवली, त्यात १९९० च्या तुलनेत हे प्रमाण २०१५ पर्यंत निम्मं करायचं होतं. ते २०१० मध्येच, पाच वर्षं आधी झालं. त्यात चीनचा वाटा फार मोठा होता, आणि कोणत्या धोरणाला किती श्रेय द्यायचं यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू देत. कोट्यवधी घरांत पोरं पोटभर जेवून झोपायला लागली, ही माणसाच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही. त्यानंतर २५ सप्टेंबर २०१५ रोजी १९३ देशांनी १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं मान्य केली, मुदत २०३० ची. २०२४ च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांनीच लिहिलंय की यातली फक्त १७ टक्के लक्ष्यं वेळेवर पूर्ण होण्याच्या वाटेवर आहेत. स्वतःचं अपयश स्वतःच मोजून छापणारी व्यवस्था मला उपयोगाची वाटते. अशा मोजणीत तुझ्यासारखी प्रामाणिक माणसं हवीत.

पण मोजणीतच सगळी मेख आहे, आणि तेच सांगायला हे पत्र लिहितेय.

मी कामाला लागले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. पेठ तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर कुटुंब-पाहणी करायची होती. फेब्रुवारी महिना. मी आणि एक सहकारी सकाळी फॉर्मचा गठ्ठा घेऊन पोचलो. निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. ज्या घरांत माणसं होती तिथे म्हातारी-कोतारी आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लहान पोरं. मी कुलपाच्या घरांपुढे ‘घर बंद’ असा शेरा मारला आणि पुढे गेले. उघड्या घरांची माहिती भरली, बेरजा केल्या, अहवाल दिला. पाड्याची परिस्थिती बरी निघाली. का नाही निघणार? ज्यांच्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी होतं किंवा ज्यांच्या घरात कोणी नोकरीला होतं, तीच कुटुंबं जागेवर होती. ज्यांच्यासाठी पाहणी करायची होती, ते सगळे माझ्या एका शेऱ्यात बुडाले. ती चूक माझी होती, आणि कुणी ती मला दाखवलीही नाही, कारण आकडे नीट जुळत होते.

ती माणसं कुठे होती ते तुला माहीत आहे. दिवाळी झाली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून पिकअप भरभरून दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे उतरतात. ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मण्यांची विरळणी, मग खुडा म्हणजे तोडणी, आणि एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत द्राक्षबागेत काम. बरंचसं एकरावर ठरवलेलं, उक्तं. बांधाला खोप, तिथेच संसार. उचल, म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी. म्हणजे फेब्रुवारीत त्यांच्या हातात पैसा दिसतो, पण तो पाड्यावर दिसत नाही. आणि ऑगस्टमध्ये ती पाड्यावर असतात, तेव्हा नागली-वरई अजून शेतात, मागच्या वर्षीचं धान्य संपलेलं आणि हातात काही नाही. आता तूच सांग, हे कुटुंब दारिद्र्यरेषेच्या वर की खाली?

रेषेबद्दलही थोडं लिहिते. आपल्या देशात या मोजणीचा पाया ज्यांनी घातला त्यांतली मोठी नावं आपल्या पुण्यातली. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणसी रोज २२५० कॅलरी अन्न मिळेल इतका खर्च हा निकष धरून देशातली गरिबी मोजली. जागतिक बँकेची रेषा १९९० मध्ये रोज एक डॉलर होती. मग १.२५, १.९०, २.१५ असं करत जून २०२५ मध्ये ती तीन डॉलर झाली. रेषा सरकली की त्या दिवशी कोट्यवधी माणसं कागदावर गरीब होतात, त्यांच्या ताटात मात्र काही बदललेलं नसतं. म्हणून रेषा निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. रेषा नसेल तर सरकारला जाब कशाच्या आधारावर विचारणार? २०१० पासून आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान अशा तीन अंगांनी, दहा निकषांवर बहुआयामी गरिबीही मोजतात. घरात शाळेत न जाणारं मूल आहे का, स्वयंपाक कशावर होतो, पाणी किती लांबून आणावं लागतं. हे मोजमाप मला जास्त जवळचं वाटतं. तरीही दोन्हींत एक गोष्ट निसटते, आणि ती म्हणजे वेळ. हे घर पुढच्या वर्षी कुठे असेल?

एकतीस वर्षं या कामात काढल्यावर मला गरिबीबद्दल ठामपणे एवढंच म्हणता येतं की ती हटते त्यापेक्षा परत फार लवकर येते. बचत गटातली एक बाई होती. कर्ज काढून दोन शेळ्या घेतल्या, चार वर्षांत त्यांच्या अकरा झाल्या. आम्ही तिला मेळाव्यात बोलायला उभं केलं, फोटो काढले. पाचव्या वर्षी नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन निघालं आणि पंधरा दिवसांत अकराच्या अकरा शेळ्या बाजारात गेल्या. आमच्या अहवालात ती ‘यशस्वी’ म्हणून नोंदलेली होती आणि तशीच राहिली, कारण पाचव्या वर्षी विचारायला निधीच नव्हता.

याच दुखण्यावर बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने २००२ मध्ये एक पद्धत सुरू केली. अतिगरीब घराला नुसती शेळी देऊन ते थांबत नाहीत. सोबत काही महिने पोटापुरते पैसे देतात, म्हणजे भूक लागली म्हणून शेळी विकावी लागत नाही. बचत करायला लावतात, दवाखान्याची सोय बघतात, आणि एक कार्यकर्ता नियमित घरी येतो. पुढे भारतासह सहा देशांत दहा हजारांवर कुटुंबांमध्ये याची काटेकोर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. मदत बंद होऊन वर्ष उलटलं तरी ही कुटुंबं सावरलेली होती. मला त्यातलं ‘वर्ष उलटलं तरी’ महत्त्वाचं वाटतं. चाचणी करणारे मदत थांबल्यावर परत गेले आणि परत विचारलं. आम्ही गेलो नव्हतो.

‘शाश्वत’ या शब्दाचा अर्थ मी असा लावते. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या तुला पाठ असेल, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं. ती बरोबरच आहे. पण पाड्यावर पुढची पिढी फार लांब असते, पुढचा उन्हाळा जवळ असतो. पेठ-सुरगाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. खाली काळा पाषाण, उतार तीव्र, माती पातळ, पाणी थांबतच नाही, पश्चिमेला गुजरातकडे निघून जातं. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये घरोघरी नळ आणि माणसी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं, ते चांगलंच झालं. पण तू पाहणीला जाशील तेव्हा नळ मोजू नकोस. मे महिन्यात जा, तोटी सोडून बघ. मग गावात विचार, पंपाचं वीजबिल कोण भरतं, आणि मोटर जळली तर ती तालुक्याला कोण घेऊन जातं. या दोन प्रश्नांची उत्तरं माणसाच्या नावानिशी मिळाली तर ती योजना टिकेल.

टिकलेलं काम बघायचं असेल तर लांब जायला नको. ओझरला जा. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नव्हतं, तेव्हा बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी भरायची, वाटपाचा हिशोब सगळ्यांपुढे ठेवायचा. पुढे पूर्ण प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळण्याचा कायदा राज्यात २००५ मध्ये झाला, त्याच्या कितीतरी आधी इथे ते चालू होतं. तिथल्या जुन्या सभासदांशी बोल. सभेतली भांडणं कशी मिटवली ते विचार, कारण खरं काम तिथेच झालंय.

नोकरी लागली की तुझ्या पगाराच्या स्लिपवर ‘व्यवसाय कर’ असा एक रकाना दिसेल. तो रकाना १९७५ पासून आहे, आणि तो सुरू झाला रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. काम मागणाऱ्याला काम मिळणं हा त्याचा हक्क, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदाराने उचलायचा. २००५ मध्ये देशाने शंभर दिवसांची हमी दिली ती याच वाटेने. जगातले अभ्यासक यावर लिहितात आणि आपल्याकडची मुलं तो रकाना न वाचता स्लिप घडी घालून ठेवतात, याचं मला वाईट वाटतं.

आता त्या १६९ लक्ष्यांमधलं माझं लक्ष्य सांगते. १.५. गरिबांना हवामानाचे आणि इतर धक्के सोसता यावेत अशी ताकद त्यांच्यात यावी, असं ते म्हणतं. धक्का म्हणजे काय ते २०२० च्या मे महिन्यात आपण मुंबई-आग्रा महामार्गावर पाहिलं, कसाऱ्याचा घाट चढून आलेली पायी चालणारी कुटुंबं. त्या एका वर्षात जगात सुमारे सात कोटी माणसं पुन्हा अत्यंत गरिबीत ढकलली गेली. आणि २६ नोव्हेंबर २०२३ आठवतोय? निफाड-चांदवडकडे गारपीट झाली, बागा झोडपून निघाल्या. चारच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला दुबईच्या हवामान परिषदेत हवामानबदलाने होणाऱ्या नुकसानीसाठीचा जागतिक निधी सुरू करायचा निर्णय झाला. मी ती बातमी वाचत होते तेव्हा माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं उक्तं काम गारांसोबत गेलेलं होतं. बागायतदाराचा पंचनामा होतो, आणि त्याचंही नुकसान खरंच मोठं असतं. पण विरळणी करणाऱ्या जोडप्याचा पंचनामा कुठल्याच फॉर्ममध्ये नाही, आणि उचल मात्र डोक्यावर तशीच राहते. दुबईचा पैसा पाड्यापर्यंत यायचा तर आधी हे जोडपं कुठल्यातरी कागदावर यायला हवं. तुझं काम इथे सुरू होतं.

तसंच १.४ वाच, त्यात जमिनीच्या मालकीचा उल्लेख आहे. मार्च २०१८ मध्ये आपल्या सीबीएस चौकातून हजारो आदिवासी शेतकरी मुंबईला पायी निघाले, सुमारे १८० किलोमीटर, त्यांची एक मुख्य मागणी वनपट्ट्यांची होती. जमीन कसतो पण कागद नावावर नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही, विमा नाही. उद्दिष्टाच्या इंग्रजी मसुद्यातली ओळ आणि त्या सोललेल्या तळव्यांचा संबंध तुला जोडता आला पाहिजे.

पैशाबद्दल विचारलं होतंस. अवघड दिवस आहेत. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची हे १९७० मध्ये ठरलं, मोजक्याच देशांनी ते पाळलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेची मदतसंस्थाच बंद झाली. तुझी संस्थाही कधी आखडेल. म्हणून पहिल्या दोन वर्षांत असं काहीतरी शीक जे कुठल्याही निधीशिवाय उपयोगी पडतं: सातबारा वाचणं, ग्रामपंचायतीचा आराखडा वाचणं, रोजगार हमीचं हजेरीपत्रक, म्हणजे मस्टर तपासणं, आणि इथल्या कोकणा आदिवासींची बोली. बोली सगळ्यात आधी. मी ती उशिरा शिकले, तोपर्यंत बाया मला तेच सांगत होत्या, जे मला ऐकायचंय असं त्यांना वाटायचं.

पुढच्या रविवारी मोकळी असलीस तर पहाटे पाचला माझ्याकडे ये. गिरणाऱ्याला जाऊ. उजाडायच्या सुमाराला तिथे मजुरांचा बाजार भरतो, आत्ता छाटणीमुळे गर्दी असेल. फॉर्म आणू नकोस. एक वही आण, आणि जी माणसं भेटतील त्यांच्या पाड्याचं नाव आणि घरी मागे कोण राहिलंय एवढंच लिहून घे. डिसेंबरात त्या पाड्यांवर जाऊन ती कुलपं आपण दोघी बघून येऊ. सकाळी गारठा असतो, स्वेटर घाल. चहा मी थर्मासमध्ये घेते.

तुझी,
ताई