वाचकांचे प्रश्न : फाइल तीच, आकडा वेगळा

प्रश्न : तासगावजवळ आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. युरोपातील एका खरेदीदाराने किलोमागे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मागितला, म्हणून आम्ही एका सल्लागाराकडून जीवनचक्र मूल्यमापन (बागेपासून पुढच्या प्रत्येक टप्प्यावरील उत्सर्जनाची बेरीज) करून घेतले. तीच फाइल खरेदीदाराच्या माणसाने त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तेव्हा आकडा जवळजवळ पाव हिश्श्याने कमी आला. दोन्ही तक्ते सोबत पाठवत आहे. कमी आलेला आकडा आमच्या सोयीचा आहे. तो वापरावा काय?
— एक बेदाणा उत्पादक, तासगाव

उत्तर : सोयीचा असला तरी तूर्त वापरू नये. आपल्या दोन्ही तक्त्यांत कोल्ड स्टोरेजच्या विजेची ओळ जुळते, डिझेलचीही जुळते. फरक आहे तो द्राक्षबागेला दिलेल्या नत्रखताच्या ओळीत : पहिल्या तक्त्यात तेथे मोठा आकडा आहे आणि दुसऱ्यात चक्क शून्य आहे.

शेतात टाकलेल्या नत्राचा थोडा भाग मातीतील जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत जातो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेतील ढोबळ प्रमाण 1 टक्का आहे. म्हणजे 100 किलो नत्रामागे 1 किलो नत्र या वायूत जाते आणि वायूचे वजन सुमारे 1.57 किलो भरते. शंभर वर्षांच्या मोजपट्टीवर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा धरला जातो. त्यामुळे एवढ्याशा वायूचे सुमारे 429 किलो कार्बन डायऑक्साइड होतात. त्यातच एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षे लागत असल्याने बागेतील प्रत्येक चूक बेदाण्याच्या खात्यावर चौपट होऊन येते.

ही ओळ शून्य झाली ती बहुधा नावामुळे. स्वित्झर्लंडमधील इकोइन्व्हेंट या डेटाबेसमध्ये हा वायू ‘डायनायट्रोजन मोनॉक्साइड’ या नावाने नोंदवलेला असतो, तर युरोपीय आयोगाच्या आयएलसीडी पद्धतीच्या यादीत तोच ‘नायट्रस ऑक्साइड’ असतो. सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि आधार कार्डावर ‘बाळासाहेब’ असले की माणूस एकच असूनही तलाठी कार्यालयात काम अडते. येथे काम अडतसुद्धा नाही, आणि खरी अडचण तीच आहे : ज्या नावाला गुणक (वरच्या 273 पटीसारखा आकडा) सापडत नाही त्याला सॉफ्टवेअर गुपचूप शून्य धरते आणि बेरीज नीटनेटकी छापून देते. फाइल आत घेताना न जुळलेल्या नावांची यादी बहुतेक सॉफ्टवेअरमधून काढता येते. ती खरेदीदाराकडून आवर्जून मागवावी. आमच्या अनुभवात ती क्वचितच कोणी उघडून पाहतो.

नावांऐवजी रसायनांचा सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक नोंदणी क्रमांक) वापरावा, असे कोणी सुचवील. नायट्रस ऑक्साइडपुरते ते चालेल, कारण 10024-97-2 हा क्रमांक त्याचा एकट्याचा आहे. परंतु डिझेल जाळून निघालेला आणि लाकूड जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड यांचा क्रमांक एकच असतो, हिशेबात मात्र त्यांना वेगवेगळे धरावे लागते, कारण लाकडातील कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून दोन याद्यांमधील नावे एकमेकांस जोडणारा तक्ता माणसाने बसूनच करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘ग्लॅड’ या जाळ्यामागे असे जोडतक्ते सर्वांसाठी खुले करण्याचा हेतू आहे. आपल्या सल्लागाराने कोणता तक्ता वापरला आणि तो कोणत्या आवृत्तीचा होता, हे अहवालात लिहून घ्यावे. आवृत्तीचा आग्रह वावगा नाही, कारण याच वायूचा गुणक आयपीसीसीच्या पाचव्या अहवालात 265 होता, वर धरलेला 273 हा सहाव्या अहवालातील आहे.

प्रश्न : विजेच्या उत्सर्जनासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा आकडा थेट घेता येतो काय?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थिनी, कराड

उत्तर : घेता येतो, पण जीवनचक्राचा आकडा म्हणून नव्हे. प्राधिकरणाचा आकडा युनिटमागे सुमारे 0.7 किलो आहे. त्यात वीजकेंद्रात जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड येतो, मात्र कोळशाची खाण, रेल्वेची वाहतूक आणि तारांमधील गळती येत नाही. त्यात या बाबी वेगळ्या मिळवाव्यात, आणि डेटाबेसमधून तयार घेतलेला आकडा असेल तर तेथे त्या आधीच धरल्या आहेत काय हे नोंदीच्या वर्णनात वाचावे. अन्यथा एकच गळती दोनदा मोजली जाते. एककही पाहावे. डेटाबेसमध्ये वीज कधी युनिटमध्ये असते, कधी मेगाज्यूलमध्ये, आणि एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. उत्तर साडेतीन पटींच्या आसपास चुकलेले दिसले, तर प्रथम याच ओळीवर बोट ठेवावे.