परी-थीमच्या टॅरो डेकमध्ये (भविष्य पाहायच्या पत्त्यांच्या संचात) काठ्या-पेल्यांऐवजी पंख, फुलं, दगड असतील तर कुठला सूट (पानांचा गट) कुठल्या तत्त्वाचा, हे कसं ओळखायचं?

आधी त्या सूटचा एक्का काढा आणि परी कशात वावरते आहे ते बघा, तत्त्व बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ठिणग्या, ऊन, सरडा असेल तर अग्नी, म्हणजे वाँड्स (काठ्या); ओढा, दव, शिंपले म्हणजे जल, कप्स (पेले); पंख, वारा, मोकळं आभाळ म्हणजे वायू, स्वोर्ड्‌स (तलवारी); मुळं, कुत्र्याच्या छत्र्या, दगड म्हणजे पृथ्वी, पेंटॅकल्स (नाणी). ही चित्रभाषा जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या स्विस वैद्याने प्रत्येक तत्त्वात राहणारे अदृश्य जीव सांगितले होते: अग्नीत सॅलमँडर, पाण्यात अंडीन, हवेत सिल्फ, जमिनीत नोम. परी-डेक काढणारे अनेक चित्रकार आजही त्यांच्यावरून कल्पना घेतात. आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश मात्र इथे शोधू नका, सूट चारच.

एक्क्यावरून उलगडा झाला नाही तर त्या सूटचं दुसरं एखादं पान घ्या आणि १९०९ च्या रायडर-वेट या प्रसिद्ध टॅरो डेकमधली त्याच अंकाची चारही पानं शेजारी ठेवा. त्यातल्या कप्सच्या पंजात तीन पेले सांडलेत, दोन मागे उभे आहेत. तुमच्या पानावर तीन फुलं कोमेजलेली आणि दोन ताजी दिसली, तर तो सूट कप्सचाच. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

फक्त एक लक्षात ठेवा: काही डेकमध्ये वाँड्स वायूचे आणि स्वोर्ड्‌स अग्नीचे असतात. त्यामुळे सोबतची पुस्तिका वेगळं सांगत असेल, तर त्या डेकपुरतं तिचंच खरं धरा.