लिफ्टसोबत इम्प्लांट: २५० सीसी की ४००?

दोन बाळंतपणांनंतर स्तन ओघळलेत, लिफ्ट आणि इम्प्लांट एकदमच करायचंय, सर्जन २५० सीसी (म्हणजे मिली) सुचवतात आणि तुम्हाला ४०० हवंय, असा तुमचा प्रश्न आहे. मी सर्जनच्या बाजूने.

लिफ्टमध्ये जादाची त्वचा काढून उरलेली घट्ट शिवतात. इम्प्लांट तीच त्वचा आतून ताणतं. म्हणजे एकाच वेळी ब्लाऊज आटवायचा आणि आत जास्त भरायचं. ताण टाक्यांवर येतो: व्रण रुंदावतात, जखम उसवू शकते, निपलचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. धूम्रपान असेल तर हा धोका आणखी वाढतो. शिवाय ४०० सीसी सिलिकॉनचं वजन साधारण ४०० ग्रॅम. ताणलेली त्वचा ते किती वर्षं पेलणार? पुन्हा ओघळ.

कप साइज सांगू नका, प्रत्येक ब्रँडचा 'सी' वेगळा असतो. आधी स्तनाच्या तळाची रुंदी मोजून घ्या. इम्प्लांट त्याहून रुंद नको. अंदाजासाठी झिपच्या पिशवीत २५० मिली तांदूळ भरून सैल ब्रामध्ये दिवसभर घालून बघा. (घरच्यांना आधी सांगा, नाहीतर तांदळाचा हिशोब मागतील.)

सर्जनना विचारा, ऑपरेशनमध्ये तात्पुरतं 'सायझर' (माप बघायचं नमुना इम्प्लांट) घालून बघणार का. मोठंच हवं असेल तर आधी लिफ्ट, काही महिन्यांनी इम्प्लांट, असे दोन टप्पे करता येतात. खर्च वाढतो, भूलही दोनदा. पण बऱ्याच जणींना नुसत्या लिफ्टनंतरच वाटतं की इम्प्लांट नकोच.