सात पॉइंटरसाठी किती पडायला हवेत?

सेमिस्टरचे निकाल लागले की सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आता किती पडले तर पॉइंटर वर येईल?" पॉइंटर म्हणजे ग्रेडची दहापैकी सरासरी. खरं तर उत्तर त्यांनी मोबाइलवर आधीच काढलेलं असतं. त्या आकड्यानेच झोप उडालेली असते.

तासगावकडून रोज एसटीने येणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा असाच आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरची द्राक्षबाग, डोक्यावर शैक्षणिक कर्ज. तीन सेमिस्टर झाली होती, सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा मिळून पॉइंटर, ६.४. कॅम्पसला, म्हणजे कॉलेजात होणाऱ्या नोकरभरतीला बसायला ७ लागणार होता.

"८.८ पाडावे लागतात, मॅडम. मला आजवर ८ सुद्धा पडलेले नाहीत. संपलं सगळं."

"७ कधीपर्यंत करायचाय?"

"याच सेमला."

"कंपन्या कधी येतात?"

"सातव्या सेमला."

"मग याच सेमला का?"

बराच वेळ तो गप्प होता. "व्हायलाच पाहिजे ना," एवढंच म्हणाला.

मी कागद-पेन पुढे सरकवलं आणि सहाव्या सेमपर्यंतचा हिशेब मांडायला सांगितला. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन; त्याच्याकडे दर सेमला २० क्रेडिट. झालेली ६० गुणिले ६.४, म्हणजे ३८४. सहाव्याअखेर १२० क्रेडिट गुणिले ७, म्हणजे ८४०. उरले ४५६, ते पुढच्या ६० क्रेडिटमध्ये मिळवायचे. भागाकार आला ७.६. त्याने तो पुन्हा करून पाहिला. मग आपणहून म्हणाला, "मागच्या सेमला मला ७.२ होते."

त्या वाक्यानंतर त्याचे खांदे सैल झाले. असे क्षण मी फार जपते, कारण तिथे मी धीराचा एक शब्दही दिलेला नव्हता. त्याचा आधीचा हिशेबही बरोबरच होता. चूक होती ती हिशेबाआधी मनाने घातलेल्या अटीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मी इतकी वर्षं वापरते ती यासाठीच: माणसाला परिस्थितीपेक्षा त्याचा स्वतःचा हट्ट जास्त छळतो, आणि तो हट्ट प्रश्न विचारून उघडा पाडता येतो. कॅल्क्युलेटर मात्र अट तपासत नाही. घातली तशी घेतो आणि घाबरवणारा आकडा समोर ठेवतो.

वेळेचंही तसंच. मोबाइलवरच्या वेळापत्रकाच्या ॲपमध्ये त्याने रोजचे नऊ तास अभ्यास मांडला होता. एसटी, कॉलेज, बागेतली कामं कुठेच धरलेली नव्हती. आठवडाभर फक्त झालेला अभ्यास लिहायला सांगितला, तर दिवसाला साडेतीन तास भरले. असा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. कॅनडातल्या संशोधकांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, लागले ५५. म्हणून मी मुलांना सांगते, आधी झालेले तास मोजा, पुढचे त्यावरून ठरवा.

साडेतीन तास कुठे घालायचे, हे क्रेडिट सांगतात. २० क्रेडिटच्या सेममध्ये चार क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड पॉइंट वाढला तर एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमचा पॉइंटर, ०.२ ने वर जातो, एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये वाढला तर ०.०५ ने. हा मुलगा निम्मा वेळ प्रॅक्टिकलचं जर्नल सुबक करण्यात घालवत होता! पुढच्या सेमला त्याला ७.५ पडले.

हिशेब सेमिस्टरच्या सुरुवातीला करा, इंटर्नलचे मार्क लागले की पुन्हा करा. रोज रात्री करू नका. मधल्या काळात आकडा हलत नाही, धडधड तेवढी वाढते. आणि पालकांनो, "किती पडतील?" ऐवजी "आज काय झालं?" विचारा. त्याचं उत्तर मुलाला खोटं न बोलता देता येतं.